मैत्रिणीचा ग्रोथ फंड आणि तुमची अकरा वर्षं

वाचकाचं पत्र, थोडक्यात: अमेरिकेत वीसहून अधिक वर्षं नोकरी करणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या एका ताईंचं हे पत्र आहे. निवृत्तीला अकरा वर्षं उरली आहेत. ४०१ (के) खात्यातले, म्हणजे नोकरीतून मिळणाऱ्या निवृत्ती बचतीच्या खात्यातले, सगळे पैसे, साधारण ६ लाख डॉलर, पहिल्यापासून एस अँड पी ५०० च्या इंडेक्स फंडात, म्हणजे अमेरिकेतल्या सुमारे पाचशे मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक जसाच्या तसा धरणाऱ्या फंडात आहेत. ऑफिसातल्या मैत्रिणीने दहा वर्षांपूर्वी स्वतःची सगळी शिल्लक रसेल १००० ग्रोथ या, वेगाने वाढतील अशी अपेक्षा असलेल्या मोठ्या अमेरिकी कंपन्यांच्या निर्देशांकाच्या फंडात हलवली होती. २०२४ अखेरच्या दहा वर्षांच्या परताव्याचं पान तिने ताईंना दाखवलं, तेव्हापासून ताईंची झोप उडाली आहे. त्या लिहितात, "दहा वर्षं मी नुसती बसून राहिले. आता तरी सगळे पैसे ग्रोथमध्ये टाकावेत असं मला वाटतं. नवरा म्हणतो, अजिबात हात लावू नकोस. मुलीचं कॉलेज दोन वर्षांवर आलंय. तिच्यासाठी ठेवलेले पैसेही तिकडे वळवले तर तेवढ्यात थोडे वाढतील का?"

ताई,

तुमच्या मैत्रिणीने दाखवलेले आकडे खरे आहेत. २०२४ च्या डिसेंबरअखेर संपलेल्या दहा वर्षांत रसेल १००० ग्रोथ निर्देशांकाने लाभांशासह वर्षाला सरासरी १६.८ टक्के दिले. एस अँड पी ५०० ने १३.१ टक्के दिले. म्हणजे तिचा एक लाख डॉलर साधारण ४ लाख ७० हजार झाला आणि तुमचा ३ लाख ४० हजार. एकाच ऑफिसात, जवळपास सारख्या पगारावर एवढं अंतर दिसलं की मन बेचैन होणारच.

पण दहा वर्षांत पैसे साडेतीनपटीच्या जवळ नेणाऱ्या माणसाला 'नुसती बसून राहिले' म्हणता येत नाही. पगारातून दर वेळी वर्गणी जात राहिली, २०२० च्या मार्चमध्ये आणि २०२२ मध्ये तुम्ही घाबरून विकलं नाही, फंडही स्वस्तातला इंडेक्स फंड. हे ज्यांना जमलं नाही अशा कितीतरी वाचकांची पत्रं मला येतात. चुकीच्या निर्णयाची भरपाई करायची आहे, असं मनात धरून तुम्ही पुढचा निर्णय घेऊ नये, म्हणून हे आधी सांगितलं.

आता त्याच निर्देशांकाची आणखी दोन पानं तुमच्यासमोर ठेवतो. पहिलं १९९९ अखेरचं. त्या दहा वर्षांत या निर्देशांकाने वर्षाला सरासरी २० टक्क्यांहून थोडं जास्त दिलं होतं, म्हणजे तुमच्या मैत्रिणीच्या पानापेक्षाही देखणा आकडा. शेवटच्या पाच वर्षांत, १९९५ ते १९९९, पैसे चौपट झाले होते. दुसरं पान त्यानंतरच्या दहा वर्षांचं, २००९ अखेरचं. ज्याने १९९९ चं पान पाहून १०० डॉलर टाकले, त्याच्याकडे दहा वर्षांनी, लाभांश धरूनसुद्धा, ६७ डॉलर उरले होते. निर्देशांक तोच, नियमही तेच. फक्त सुरुवातीची तारीख बदलली.

त्या दशकात काय घडलं ते जरा सावकाश पाहू, कारण तुमच्या प्रश्नाचं मर्म तिथेच आहे. २००० मध्ये हा निर्देशांक २२.४ टक्के पडला, २००१ मध्ये २०.४ आणि २००२ मध्ये २७.९. ओळीने तीन वर्षं. १०० चे ४४.५० उरले. आता ४४.५० चे पुन्हा १०० व्हायला १२५ टक्के वाढ लागते. ती वाटचाल चालू असतानाच २००८ ने आणखी ३८.४ टक्के नेले. परिणामी १९९९ अखेरची पातळी लाभांशासह पुन्हा ओलांडायला २०१३ साल उजाडावं लागलं. २०१२ च्या अखेरीलाही त्या १०० डॉलरचे ९२ च होते. त्याच काळात एस अँड पी ५०० मध्ये १०० चे सुमारे १२४ झाले आणि ग्रोथचा जोडीदार असलेल्या, स्वस्त भावाच्या कंपन्यांच्या रसेल १००० व्हॅल्यू निर्देशांकात सुमारे १७४.

आणखी एक आकडा मुद्दाम देतो, कारण तो फारसा कुणी काढत नाही. १९९९ अखेर ते २०२४ अखेर अशी सलग पंचवीस वर्षं धरली, म्हणजे आपटी आणि नंतरची भरारी दोन्ही हिशेबात घेतली, तर ग्रोथमध्ये पैसे सुमारे साडेसहापट झाले आणि व्हॅल्यूमध्ये सहापटीच्या किंचित आत. शेवटच्या दहा वर्षांत दोघांमध्ये मोठी दरी दिसते, पण पंचवीस वर्षांत ती जवळजवळ बुजते. १९९९ चं टोक ही ग्रोथसाठी सर्वात वाईट सुरुवात होती, हे खरं. २००९ च्या तळापासून मोजलं तर ग्रोथ फार पुढे दिसेल. आपण टोकावर आहोत की तळाशी, हे मात्र त्या त्या वेळी कुणालाच कळत नाही. १९९९ मध्ये कळलं नाही आणि आज मलाही कळत नाही.

तुमच्या पत्रात एक गृहीतक न बोलता येऊन बसलं आहे, की या निर्देशांकात चांगल्या कंपन्या असतात, त्या वेगाने वाढतात, म्हणून त्यांचे शेअरही वेगाने वाढणार. हा निर्देशांक कसा तयार होतो ते पाहिलं की हे गृहीतक थोडं सैल होतं.

वॉशिंग्टन राज्यातल्या टॅकोमा शहरातली फ्रँक रसेल कंपनी पेन्शन फंडांना सल्ला द्यायची: कोणता फंड मॅनेजर चांगला, कोणता नाही. १९८४ मध्ये तिने स्वतःचे निर्देशांक काढले. अमेरिकेतल्या सर्वात मोठ्या सुमारे हजार कंपन्या म्हणजे रसेल १०००. पण सल्लागारांच्या लक्षात आलं होतं की मॅनेजर मुळात दोन पठडीतले असतात. काही जण वाढीच्या मागे धावतात आणि काही जण स्वस्त भावाच्या मागे. दोघांना एकाच मापाने मोजणं अन्यायाचं. म्हणून १९८७ मध्ये त्या हजार कंपन्यांची ग्रोथ आणि व्हॅल्यू अशी वाटणी झाली, आणि १९७९ पासूनची आकडेवारी मागे जाऊन जुळवली गेली. म्हणजे हा निर्देशांक मुळात मॅनेजरांना तपासण्याची मोजपट्टी होता. निवृत्तीचे सगळे पैसे ठेवण्याची जागा म्हणून तो कुणी आखलेला नव्हता.

वाटणी तीन गोष्टी पाहून होते. कंपनीचं पुस्तकी मूल्य (हिशेबाच्या वहीत मालमत्तेतून देणी वजा करून उरणारी रक्कम) आणि तिचा बाजारभाव यांचं गुणोत्तर, पुढच्या दोन वर्षांत मिळकत किती वाढेल याचे विश्लेषकांचे अंदाज, आणि गेल्या पाच वर्षांत दर शेअरमागे विक्री किती वाढली हा आकडा. यातलं अर्धं वजन एकट्या पहिल्या गोष्टीला आहे. पुस्तकी मूल्याच्या मानाने शेअर महाग असेल, तर कंपनी ग्रोथकडे झुकते. मधल्या बऱ्याच कंपन्या थोड्या इकडे, थोड्या तिकडे विभागल्या जातात. म्हणजे वाढीची अपेक्षा ज्यांच्या भावात आधीच भरली आहे, अशा कंपन्या तुम्ही इथे घेता. मग कंपनी चांगली चालली एवढ्याने भागत नाही. भावात धरलेल्या अपेक्षेहून ती चांगली चालावी लागते.

याचं सर्वात बोलकं उदाहरण मायक्रोसॉफ्टचं आहे. १९९९ मध्ये ती काही हवेतली डॉट-कॉम कंपनी नव्हती. भरघोस नफा कमावणारी, बाजारावर पकड असलेली कंपनी होती. पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत तिची विक्री जवळपास चौपट झाली. तरी १९९९ च्या डिसेंबरातला भाव पुन्हा ओलांडायला २०१६ चा ऑक्टोबर उजाडला. कंपनी वाढतच होती, पण १९९९ च्या भावात पुढच्या अनेक वर्षांची वाढ आधीच मोजून घेतलेली होती. इंटरनेटची नेटवर्क उपकरणं बनवणाऱ्या सिस्कोची कथा याहून कठीण. २००० च्या मार्चमध्ये ती काही काळ जगातली सर्वात मौल्यवान कंपनी होती. त्या टोकाचा भाव पुन्हा यायला पंचवीस वर्षांहून जास्त काळ लागला. हे वाचून 'आजच्या कंपन्या खरा नफा कमावतात, तेव्हाच्या नव्हत्या' असं तुम्हाला कुणी सांगितलं, तर ही दोन नावं आठवा. आजच्या मोठ्या कंपन्यांचे नफे प्रचंड आहेत, हे मी नाकारत नाही. पण तेव्हाच्या निर्देशांकात वरच्या स्थानी असलेल्या बहुतेक कंपन्याही नफ्यातच होत्या.

२०२२ मध्ये जे झालं त्याचं कारणही इथेच सापडतं. या कंपन्यांच्या भावातला मोठा हिस्सा दूरच्या वर्षांतल्या नफ्यासाठी मोजलेला असतो. व्याजदर वाढले की दूरच्या डॉलरची आजची किंमत जास्त घटते. फेडरल रिझर्व्हने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, त्या वर्षात दर जवळजवळ शून्यावरून ४.२५ ते ४.५० टक्क्यांपर्यंत नेले, आणि रसेल १००० ग्रोथ २९.१ टक्के पडला. व्हॅल्यू ७.५ टक्के पडला, तुमचा एस अँड पी ५०० १८.१ टक्के. पुढच्या वर्षी ग्रोथने ४२.७ टक्के देऊन ती घट भरून काढली. ही भरपाई एका वर्षात झाली, म्हणून आता लोकांना वाटतं की ती नेहमी एका वर्षात होते.

दुसरं गृहीतक असं, की या कंपन्या तुमच्याकडे नाहीतच. आहेत, ताई, आणि भरपूर आहेत. अ‍ॅपल, मायक्रोसॉफ्ट आणि एनव्हिडिया या तीन कंपन्या २०२४ अखेर एस अँड पी ५०० चा सुमारे पाचवा हिस्सा होत्या. रसेल १००० ग्रोथमध्ये याच तिघी मिळून एक तृतीयांशाच्या आसपास होत्या. म्हणजे सगळे पैसे हलवून तुम्ही नवीन काही विकत घेणार नाही. हातात असलेलंच आणखी घ्याल आणि बँका, औषधं, तेल, रोजच्या वापराच्या वस्तू बनवणाऱ्या कंपन्या बऱ्याच अंशी सोडून द्याल. या निर्देशांकात जवळजवळ चारशे कंपन्या आहेत, पण चाल ठरवणाऱ्या हाताच्या बोटांवर मोजता येतील. हा भार इतका वाढला की २०२५ च्या मार्चपासून या निर्देशांकात मोठ्या कंपन्यांच्या वजनाला कमाल मर्यादा घालावी लागली.

शिवाय कंपन्या कायम एकाच बाजूला राहत नाहीत. मेटाचा, म्हणजे फेसबुकच्या कंपनीचा, भाव कोसळल्यावर २०२२ च्या जूनमध्ये निर्देशांकांची नव्याने वाटणी झाली तेव्हा तिचा काही हिस्सा व्हॅल्यू निर्देशांकात गेला. मग शेअर सावरला, तेव्हा त्या हिश्श्याचा लाभ व्हॅल्यूवाल्यांना झाला. तुमच्याकडचा फंड ग्रोथ आणि व्हॅल्यू दोन्ही बाजूंच्या मोठ्या कंपन्या धरून बसतो, त्यामुळे अशा हलवाहलवीने त्याला काही फरक पडत नाही.

आता तुमच्या अकरा वर्षांकडे येऊ. १९९९ च्या अखेरीस तुमच्याच जागी कुणी असती, निवृत्तीला अकरा वर्षं आणि हाताशी ६ लाख डॉलर, तर २०१० अखेर काय झालं असतं? नवीन वर्गणी सोडून देऊ. सगळं ग्रोथमध्ये असतं तर साधारण ४ लाख ६६ हजार. एस अँड पी ५०० मध्ये राहिली असती तर सव्वासहा लाखांच्या आसपास. व्हॅल्यूमध्ये जवळपास पावणेनऊ लाख. उलट २००८ च्या अखेरीस हीच बाई असती तर अकरा वर्षांत ग्रोथने तिचे पैसे साडेपाचपटीहून जास्त केले असते, एस अँड पी ५०० ने साडेचारपट. दोन्ही अकरा वर्षं खरी आहेत. तुमच्या वाट्याला कोणती येतील ते तुमच्या हातात नाही, पण पहिली आली तर तुम्हाला काय सोसवेल हे तुम्हीच ठरवू शकता. चुकलेली संधी आणि चुकलेली निवृत्ती यांत बराच फरक आहे. एस अँड पी ५०० मध्ये राहून मैत्रिणीपेक्षा कमी कमावलं, तर रुखरुख लागेल. सगळं ग्रोथमध्ये टाकून २००० सारखी तीन वर्षं आली, तर नोकरीची वर्षं वाढवावी लागतील.

तिशीतल्या वाचकांसाठी हिशेब वेगळा आहे, हेही इथेच सांगतो. ज्यांची शिल्लक छोटी आणि पुढे तीस वर्षांची वर्गणी बाकी आहे, त्यांना पडलेला बाजार स्वस्तात खरेदी करायला मिळतो. २००० ते २०१२ या काळात दरमहा नेमाने घेत राहिलेल्या माणसाची अवस्था एकरकमी टाकणाऱ्याइतकी वाईट झाली नाही. तुमच्या खात्यात मात्र आता येणाऱ्या वर्गणीपेक्षा साठलेली रक्कम कितीतरी मोठी आहे. घसरण आली तर ती या साठ्यावरच कोसळते.

मग माझं मत काय? सगळे पैसे हलवू नका. ग्रोथकडे काहीच हलवलं नाहीत तरी बिघडत नाही. पण रुखरुख फारच सतावत असेल तर एक मर्यादा ठरवा. माझ्या मते ती एकूण शेअर गुंतवणुकीच्या १५ टक्क्यांच्या वर नसावी. साठ्याला न छेडता, नव्या वर्गणीचा काही भाग ग्रोथ फंडात जाऊ द्या आणि हिस्सा मर्यादेच्या वर गेला की वर्षातून एकदा जास्तीचा भाग परत एस अँड पी ५०० मध्ये आणा. ४०१ (के) च्या आत फंड बदलताना कर लागत नाही, म्हणून हे तिथेच करणं सोपं.

१५ टक्क्यांचा अर्थ आकड्यात पाहा. २०२२ सारख्या वर्षात ६ लाखांवर तुमचा तोटा सुमारे १ लाख ९ हजारांऐवजी १ लाख १९ हजार होईल. सगळं ग्रोथमध्ये असतं तर तोच १ लाख ७५ हजार झाला असता. आणि गेल्या दशकासारखंच दशक पुन्हा आलं तर १५ टक्क्यांमुळे शेवटची रक्कम पाच-सहा टक्क्यांनी वाढेल. हा फायदा छोटा वाटेल, आणि तो छोटाच आहे.

घेण्याआधी फंडाचं माहितीपत्रक उघडा. बऱ्याच ४०१ (के) योजनांत 'लार्ज-कॅप ग्रोथ' नावाखाली इंडेक्स फंड नसतो, मॅनेजर शेअर निवडतो असा फंड असतो. रसेल १००० ग्रोथ हा त्याचा फक्त तुलनेचा निर्देशांक असतो आणि खर्चही जास्त असतो. खर्चाचं प्रमाण आणि पहिल्या दहा कंपन्यांची नावं या दोन गोष्टी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. ज्यांचे पैसे साध्या ब्रोकरेज खात्यात आहेत त्यांनी हलवण्याआधी भांडवली नफ्यावरच्या कराचा हिशेब करावा. मोठा नफा साठलेला फंड केवळ तुलनेपायी विकून कर भरणं बहुतेक वेळा अंगाशी येतं.

मुलीच्या कॉलेजच्या पैशाबद्दल माझं उत्तर स्पष्ट आहे: नाही. ग्रोथमध्ये नाही आणि एस अँड पी ५०० मध्येही नाही. दोन वर्षांत लागणारी रक्कम अल्पमुदतीच्या ट्रेझरी बिलांत (सरकारी कर्जरोख्यांत), बँकेच्या सीडीत (मुदत ठेवीत) किंवा ५२९ या शिक्षणासाठीच्या बचत योजनेत असेल तर तिथल्या सर्वात सुरक्षित पर्यायात ठेवा. २००० च्या सुरुवातीला दोन वर्षांनी फी भरायची असलेल्या आईबापांना ग्रोथ निर्देशांकाने १०० चे ६२ परत दिले होते. कॉलेज तुमच्या सोयीसाठी थांबणार नाही.

आणि एक गोष्ट तुम्ही विचारलेलीच नाही. एक्कावन्न-बावन्नाव्या वर्षी तुमचे निवृत्तीचे सगळेच्या सगळे पैसे शेअरमध्ये आहेत. पत्रात बाँडचा, म्हणजे कर्जरोख्यांचा, उल्लेखही नाही. ग्रोथ की एस अँड पी, यापेक्षा माझ्या दृष्टीने हा प्रश्न मोठा आहे. २००० ते २००२ मध्ये शेअर कोसळत असताना अमेरिकी बाँडनी तिन्ही वर्षं नफा दिला. २०२२ मध्ये मात्र तेही सुमारे १३ टक्के पडले, त्यामुळे बाँड म्हणजे पूर्ण ढाल असं मी म्हणणार नाही. पण निवृत्तीच्या तोंडावर आपटी आली तर पहिली तीन-चार वर्षं शेअर न विकता घर चालेल एवढी रक्कम स्थिर जागी असणं गरजेचं आहे. ती एका दिवसात उभी करू नका. दरवर्षी दोन-तीन टक्के बाँड फंडात सरकवत गेलात तर निवृत्तीपर्यंत पाव हिस्सा सहज तयार होईल.

तुमचे यजमान 'हात लावू नकोस' म्हणतात, त्यातला अर्धा भाग मला पटतो. पण हातच न लावता आजची १०० टक्के शेअरची मांडणी बासष्टाव्या वर्षापर्यंत तशीच ठेवणं हेही धाडसच आहे, आणि हे बहुधा त्यांच्याही लक्षात आलेलं नाही. दोघं बसून आधी एवढंच ठरवा: निवृत्तीनंतर वर्षाला किती खर्च येईल, आणि त्यातले किती सोशल सिक्युरिटीतून, म्हणजे सरकारी पेन्शनमधून, येतील. उरलेल्या रकमेला चाराने गुणलं की स्थिर जागी किती ठेवायचं याचा आकडा मिळेल. तो घेऊन फक्त फी घेणाऱ्या, कमिशनवर न चालणाऱ्या सल्लागाराकडे एकदा जा. ग्रोथचे १५ टक्के ठेवायचे की नाहीत, हे त्यानंतर ठरवलं तरी चालेल.